धक्का ते विमानतळ : अडचण दीड किलोमीटरची

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर बोटीतून उतरलेल्या माणसाला सार्वजनिक वाहनाने सहारचा विमानतळ गाठता येतो का? 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत सामानसुमान घेतलेल्या कुटुंबाला हा मार्ग सुचवणे कठीण होते. लोकलने अंधेरी, तिथून मेट्रो किंवा रिक्षा, आणि मधले जिने व पूल बॅगा उचलून चढायचे. आता चित्र पालटले आहे. 20 सप्टेंबर 2025 रोजी इंदिरा गोदीतल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे, एवढी त्याची क्षमता आखलेली आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांत, 8 ऑक्टोबरला, भुयारी मेट्रो 3 चा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. आरे ते कफ परेड असा साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग, त्यावर 27 स्थानके. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी, त्यावर आहे आणि विमानतळाच्या टी-1 व टी-2 या दोन्ही टर्मिनलांसाठी वेगवेगळी स्थानकेही आहेत. सीएसएमटीला भुयारात शिरलेला माणूस गाडी न बदलता, रस्त्यावरच्या गर्दीची काळजी न करता थेट विमानतळावर बाहेर पडतो. संपूर्ण मार्गाचे सर्वांत जास्त भाडे 70 रुपये आहे. दक्षिण मुंबईतून विमानतळापर्यंतच्या टॅक्सीला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, आणि ती वेळेवर पोहोचेल याची हमी कोणी देत नाही.

मग अडचण कुठे उरली? क्रूझ टर्मिनलचे दार आणि सीएसएमटीचे मेट्रो स्थानक यांच्यातल्या सुमारे दीड किलोमीटरमध्ये. नकाशावर हे अंतर दिसतही नाही. पण दोन बॅगा, हाताशी लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आई असली की तेवढ्यासाठी टॅक्सी करावीच लागते, आणि एकदा टॅक्सीत बसलेला माणूस थेट विमानतळ सांगतो. हजारो कोटींची मेट्रो अशी दीड किलोमीटरवर हरते. सार्वजनिक वाहतुकीचा विचार करताना आपण लांबच लांब मार्ग आणि त्यावरचा खर्च मोजतो. प्रवासी मात्र सांधे मोजतो. एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढण्याची जागा जिथे निखळते, तिथे तो साखळीच सोडून देतो. त्यामुळे धक्क्यापासून विमानतळापर्यंतचा प्रश्न लांबच लांब मार्गाचा नसून एका छोट्या सांध्याचा आहे, आणि तो सांधा कोणाच्याच ताब्यात नाही. धक्का बंदर प्राधिकरणाचा, बस बेस्टची, भुयार मेट्रो महामंडळाचे, विमानतळ खासगी कंपनीकडे. प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या दारापाशी संपते.

मुंबईला हे कधीच जमले नव्हते असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी याच धक्क्यावर बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानक होते. विलायतेहून टपालाची आगबोट लागली की प्रवासी आणि टपाल धक्क्यावरूनच आगगाडीत चढत. 1912 च्या सुमारास सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, इथूनच पेशावरपर्यंत जात असे. आणि तिचा मार्ग कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड, भुसावळ असाच होता. नाशिकचा मुंबईच्या धक्क्याशी संबंध याहून जुना आहे. देवळालीची छावणी 1861 पासून ब्रिटिश सैन्याचे मुक्कामाचे ठाणे होती. बोटीतून उतरलेल्या पलटणी इथे येत आणि मायदेशी निघालेले शिपाई बोटीची वाट पाहत इथे थांबत. ती सगळी व्यवस्था साम्राज्याच्या सोयीसाठी होती, तिच्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. पण एक तत्त्व त्यात पक्के होते. बोट, गाडी आणि मधला मुक्काम हा एकच प्रवास धरून आखणी केली जाई, आणि बोटीच्या वेळेला गाडी बांधलेली असे. पुढे साहेबांच्या आगबोटी बंद झाल्या, विमाने आली आणि धक्क्यावरचे ते स्थानकही इतिहासजमा झाले. आता जहाजे परत आली आहेत, तेव्हा सांधाही परत यायला हवा.

त्यासाठी रेल्वेच लागते असे नाही. बार्सिलोनात क्रूझच्या धक्क्यांपासून कोलंबसाच्या स्तंभापर्यंत छोटी बस ये-जा करते आणि शहराच्या मध्यावरून विमानतळाची वेगळी बस सुटते. व्हेनिसमध्ये 2010 पासून त्रोंकेत्तो, बंदर आणि पियात्साले रोमा यांना जोडणारी लहानशी स्वयंचलित गाडी धावते. पियात्साले रोमाहून विमानतळाची बस मिळते. आपल्या देशात कोचीचे उदाहरण बघण्यासारखे आहे. तिथली मेट्रो विमानतळापर्यंत पोहोचलेली नाही, पण जानेवारी 2025 मध्ये कोची मेट्रोनेच विजेवर चालणाऱ्या पूरक बस सुरू केल्या, आणि त्यात आलुवा स्थानक ते विमानतळ हा मार्ग पहिल्या मार्गांपैकी होता. महत्त्वाचे हे की मेट्रोने तो सांधा स्वतःचा मानला.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामानाचा. चार माणसे आणि आठ बॅगा असतील तर टॅक्सीच बरी, हे मान्यच आहे. त्या कुटुंबाला मेट्रोचा आग्रह करणे चुकीचे ठरेल. पण जहाज एकदम रिकामे होते, ही गोष्ट या आक्षेपात सुटते. मुंबईहून 2021 पासून फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'सारख्या जहाजातून दीड-दोन हजार माणसे एका सकाळीच उतरतात. सोळाशे माणसे धरली आणि गाडीत चौघे बसवले तरी चारशे गाड्या लागतात, त्याही बॅलार्ड इस्टेटच्या त्या मोजक्या रस्त्यांवर, काही तासांच्या आत. त्यांतले निम्मे जरी बसने मेट्रोपर्यंत गेले, तरी ज्यांना टॅक्सीची खरी गरज आहे त्यांनाही ती लवकर मिळेल. दुसरा आक्षेप रिकाम्या बसचा: जहाज नसेल त्या दिवशी बसमध्ये कोण बसणार? उत्तर सोपे आहे, त्या दिवशी ती सोडूच नये. जहाजांचे वेळापत्रक कितीतरी आधी जाहीर होते. शहराच्या नेहमीच्या बसला प्रवासी कधी येतील याचा अंदाज बांधावा लागतो. इथे माणसे किती आणि केव्हा येणार हे आधीच ठाऊक असते. बेस्टचे जाळे त्या भागात आहेच, त्यातल्या चार बस जहाजाच्या दिवशी धक्का ते सीएसएमटी अशा फिरवणे हे अवघड काम नाही.

तोवर नाशिकच्या प्रवाशाने काय करावे? धक्का ते सीएसएमटी एवढ्यापुरती काळी-पिवळी घ्यावी आणि पुढे मेट्रो धरावी. तिकिटावर टी-1 आहे की टी-2, हे आधी बघावे. विमानतळ कोणता, हेही बघावे, कारण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमाने उडू लागली आहेत आणि मेट्रो 3 तिकडे जात नाही. उलट दिशेने, विमानातून उतरून घरी यायचे असेल, तर मेट्रोने सीएसएमटी गाठून पंचवटी एक्सप्रेस तिथेच पकडणे चांगले. गाडी सुटण्याच्या ठिकाणी सामान लावायला उसंत मिळते, दादरला ती मिळत नाही.

पण हाच प्रश्न आपल्या घरी, नाशिकलाही उभा आहे. ओझरच्या विमानतळाची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, 1964 साली मिग विमानांसाठी उभ्या राहिलेल्या कारखान्याची. प्रवासी टर्मिनल राज्य सरकारने बांधले, 2014 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. शहरबस महापालिकेची सिटीलिंक, महामार्गावरची गाडी एसटीची. इथेही मालक चार, आणि सांध्याचा मालक कोणी नाही. मुंबई-आग्रा महामार्गाने ओझर-पिंपळगावकडे गाड्या सतत धावतात, परंतु टर्मिनल महामार्गापासून काही किलोमीटर आत, जानोरीच्या बाजूला आहे. दहाव्या मैलाला बॅगा घेऊन उतरलेल्या माणसाला महामार्गावरच्या गाडीचा पुढे काही उपयोग नाही. काही वर्षे विमानसेवा येत-जात राहिली, पण मार्च 2023 पासून इंडिगोच्या उड्डाणांनी ओझर खऱ्या अर्थाने नकाशावर आले. इंडिगोच्या एटीआर विमानात 78 आसने असतात. म्हणजे असे विमान उतरले की एक बस, फार तर दोन, एवढ्यावर भागते. नाशिकसाठी मेट्रो निओची घोषणा 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपयांच्या तरतुदीसह झाली होती, आणि ती अजून कागदावरच आहे. मोठ्या योजनेची वाट पाहताना छोटे काम थांबवून ठेवण्याची सवय या शहराला महागात पडते आहे.

रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय येईल, असाही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण विमानतळाची बस प्रत्येकाला घरापर्यंत सोडत नाही. ती नाशिकरोडला किंवा सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, आणून सोडते. तिथून सिडकोला, सातपूरला, पंचवटीला रिक्षाच लागणार. एक लांबचे भाडे जाईल आणि त्याच्या जागी अनेक जवळची येतील. खर्चामुळे आज जे विमानाचा विचारच करत नाहीत, असे प्रवासीही त्यात येतील.

31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होत आहे आणि पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी आहे. त्याआधी महापालिका, एसटी आणि विमानतळाचे व्यवस्थापन यांनी एका टेबलावर बसून एवढेच ठरवावे: नाशिकरोड, सीबीएस आणि ओझर टर्मिनल यांच्यामध्ये प्रत्येक विमानाच्या वेळेला बांधलेली बस धावेल, विमान उशिरा आले तर ती थांबेल, आणि तिचे वेळापत्रक टर्मिनलच्या दारात व नाशिकरोडच्या फलाटावर मराठीत लावलेले असेल.