जुनी गाडी आणि एक चिमुकला नट

गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही निदान एखाद्या सिनेमात तरी पाहिली असेलच. तीच ती प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. १९६४ पासून ही 'फियाट ११०० डिलाइट' मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सीनं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. पण काही हौशी मंडळींनी आपल्या फियाट जिवापाड जपल्यात. कुणी कोंबड्यांचं खुराडं झालेली गाडी आणून ती पुन्हा पळती करतं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही बरं का! इंजिन दुरुस्त होतं, सीट शिवून मिळतात. पण गाडी अडते ती बोटभर नट-बोल्टापाशी. आज आपण गाडीचा एकच भाग घेऊ. शॉक ऍब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'शॉकअप'.

धक्के कोण खातं?

गाडीचं वजन शॉकअप पेलतो असं पुष्कळांना वाटतं. पण ते चूक आहे. वजन पेलते स्प्रिंग. फियाटला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि उसळते. तिला आवरलं नाही, तर गाडी बेडकासारखी उड्या मारत राहील. तिला आवरतो शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं असतात. दट्ट्या वर-खाली झाला की तेलाला त्या भोकांतून रेटून जावं लागतं. या रेटारेटीत उसळीची ताकद खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो!

शॉकअप चांगला आहे की नाही, हे बघायची जुनी युक्ती सोपी आहे. गाडी उभी असताना तिचा एक कोपरा जोरात दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप गेला!

सारखे दिसतात, सारखे नसतात

शॉकअप गाडीला बसतो तो बोल्ट, नट, वायसर आणि रबरी बुश यांच्या आधारानं. साठ वर्षांत यातलं काही गंजतं, काही हरवतं. मग मालक निघतो मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात. तिथे नट-बोल्टांचे ढीग असतात. पण हातात येईल तो नट चालत नाही.

फियाट इटलीची, म्हणून तिची मापं मिलिमीटरमध्ये. अँबॅसडर ब्रिटिश घराण्यातली, म्हणून तिची मूळ मापं इंचात. आता गंमत बघा. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ५/१६ इंचाचा बोल्ट शेजारी ठेवले, तर जुळे भाऊ वाटतील. कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर! फरक केसाएवढा. पण दोघांचे आटे वेगळे. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टावर दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर असतं, तर ५/१६ च्या बारीक आट्याच्या बोल्टावर इंचाला २४ आटे, म्हणजे अंतर १.०६ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर थोडासा फिरतो आणि अडतो. अडाणी मिस्त्री म्हणतो, "थांबा, पान्यानं बसवतो!" पाना फिरतो, नट बसतोही; पण आतले आटे चुरडलेले असतात. असा नट भर रस्त्यात निसटला तर? म्हणून जाणकार माणूस आधी व्हर्नियर कॅलिपर काढतो, मग आटे मोजायची दातेरी पट्टी लावतो.

आणखी एक खूण असते. मिलिमीटरच्या पोलादी बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे दिसतात. ती किंमत नव्हे, ताकद! ८.८ म्हणजे एक चौरस मिलिमीटर पोलाद तुटायला सुमारे ८०० न्यूटन ओढ लागते. ८० किलोचा माणूस लोंबकळला, असं समजा. दुसरा ८ सांगतो, की त्यातल्या ८० टक्के ओढीला बोल्ट कायमचा ताणला जातो. तेव्हा ८.८ च्या जागी खूण नसलेला स्वस्त बोल्ट लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

रंगाचा शोध

मग येतो रंग. दुकानातून चकचकीत काळा डबा आणून फासला, की झालं का? नाही! मूळ रंग शोधायचा असतो. तो सापडतो ऊन-पाऊस न लागलेल्या जागी: पट्टीच्या मागे, वायसरच्या खाली. तिथला मळ रॉकेलच्या फडक्यानं हलकेच पुसायचा. तारेच्या ब्रशनं घासलात, तर पुरावाच नाहीसा! थरावर थर असतील, तर बारीक पॉलिशपेपरनं एकेक थर उघडायचा. सर्वांत खाली प्रायमर, त्याच्यावरचा तो कारखान्याचा रंग.

आपल्याकडे गाडीच्या रंगकामाला 'ड्यूको' म्हणतात, ते का? अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं १९२३ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी लवकर वाळणारा रंग बाजारात आणला. त्याचं नाव ड्यूको. आधी एका गाडीचा रंग वाळायला कित्येक दिवस लागत. ड्यूकोनं ते काम तासांवर आणलं. रंगाचं नाव कामाला चिकटलं ते कायमचं!

रंग देताना एक पथ्य पाळायचं. नळी रंगवायची, पण आत-बाहेर सरकणारा चकचकीत दांडा मुळीच नाही. त्याच्यावरचे रंगाचे टवके तेलाच्या रबरी सीलला कापतात. मग तेल गळतं आणि रंगवलेला देखणा शॉकअप निकामी होतो.

जुनं किती, नवं किती?

आता अवघड प्रश्न. गाडी खरीखुरी जुनी ठेवायची, की सुरक्षित करायची? फियाटचं माहेर इटलीतलं तुरिन. याच गावाच्या नावाची 'तुरिन सनद' जुन्या वाहनांच्या 'फिवा' या जागतिक संघटनेनं २०१२ साली स्वीकारली. तिचं थोडक्यात म्हणणं असं: गरजेपुरताच हात लावा, आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा. भारत सरकारनंही २०२१ साली नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूप राखलेल्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. म्हणजे १९७० साली नोंदवलेली फियाट आता वयानं त्यात बसते.

पण गंजलेला, ताणलेला बोल्ट 'मूळचा' म्हणून पुन्हा लावणं शहाणपणाचं नव्हे. नटाच्या भोकातली स्प्लिट पिन तर दर वेळी नवीच हवी. मग जुने तुकडे भंगारात टाकायचे का? छे! प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची: कुठला बोल्ट, कुठून काढला, कधी, त्याच्या जागी काय लावलं. सगळं डब्यात भरून जपायचं. उद्या दुसरा कुणी ती गाडी हाती घेईल, तेव्हा त्याला हा डबा कामी येईल.

तुमच्या घरी आजोबांची स्कूटर, आजीचं शिलाई मशीन किंवा जुनी सायकल असेलच की! येत्या रविवारी बाबांना किंवा आईला सोबत घेऊन तिच्यातला एखादा नट नीट बघा. माप घ्या, आटे मोजा, रंगाचे थर शोधा, आणि सगळं वहीत लिहून ठेवा. मात्र सुटा केलेला नट हरवू नका, नाहीतर तुम्हालाही चोरबाजार गाठावा लागेल!