गावच्या पाणथळीची राखण

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात परसाला लागून दलदल असेल, तर घराला खोली वाढवतानाही गावच्या संवर्धन आयोगाकडे अर्ज करावा लागतो. १९५७ च्या कायद्याने गावांना असे आयोग नेमता आले. सदस्य तीन ते सात, गावातलेच, बिनपगारी. पाणथळीच्या काठापासून शंभर फुटांपर्यंतचं काम त्यांच्या नजरेखालून जातं.

पण काठ ठरवायचा कसा? पाणी दिसलंच पाहिजे असं नाही. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या जागी गिरमिटाने माती काढतात. ती करडी, तांबूस ठिपक्यांची निघाली, की तिथे बराच काळ पाणी मुरून राहतं हे कळतं. झाडंझुडपंही पाहतात. वसंतात भरून पुढे आटणारी डबकी तर फार मोलाची. त्यांत मासे नसतात, म्हणून ठिपकेदार सॅलॅमँडर आणि रानबेडूक तिथे अंडी घालतात. अशी डबकी सहज बुजवली जातात, याची खरी काळजी वाटते.

गावाच्या राखीव जमिनी आणि पायवाटाही बहुधा याच आयोगाकडे असतात. चिखलावर फळ्या टाकायला स्वयंसेवक येतात. अर्जांची सुनावणी जाहीर होते आणि शेजाऱ्यांनाही तिथे बोलता येतं. माझ्या मते या व्यवस्थेचं बळ इथेच आहे. निर्णय पटला नाही, तर दहा कामकाजी दिवसांत राज्याच्या पर्यावरण खात्याकडे दाद मागता येते.