घरच्या संग्रहाचे व्यवस्थापत्र

घरोघरी साठत आलेल्या ध्वनिमुद्रणांचा आणि चित्रफितींचा संग्रह आता कपाटात राहिलेला नाही. तबकड्या, कॅसेटी आणि छायाचित्रांचे आल्बम यांची संगणकीय रूपे एखाद्या लहानशा यंत्रातील हार्ड डिस्कवर एकत्र नांदत असतात. इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, अनेक मराठी कुटुंबांत आजोबांचे कीर्तन, घरातील लग्नाची चित्रफीत आणि नातवंडांची छायाचित्रे एका ठिकाणी ठेवून ती बैठकीतील दूरचित्रवाणी संचावर पाहण्याची सोय केलेली आढळते. ही सोय ज्या यंत्रणेमुळे होते तिला मीडिया सर्व्हर असे नाव आहे. प्लेक्स, मिनीडीएलएनए, तसेच 2018 च्या डिसेंबरात एम्बी या प्रणालीपासून वेगळी निघालेली जेलीफिन, ही त्यांपैकी काही परिचित नावे होत.

हा सर्व्हर म्हणजे एक प्रकारचा ग्रंथपाल आहे. ग्रंथ त्याच्या मालकीचे नसतात. तो त्यांची सूची करतो आणि मागेल त्याला मागेल ते काढून देतो. संग्रह कोणत्या फोल्डरात आहे, कोणत्या दारावर वाचकांची वाट पाहायची, स्वतःचे नाव काय सांगायचे, या सर्व गोष्टी त्याला एका फाईलीत लिहून दिलेल्या असतात. हिलाच कॉन्फिगरेशन फाईल, म्हणजे व्यवस्थापत्र म्हणतात. मिनीडीएलएनएचे व्यवस्थापत्र हे साध्या मजकुराचे असून त्यातील महत्त्वाच्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. एका ओळीत पोर्टचा क्रमांक असतो. तो सहसा 8200 असतो. दुसऱ्या ओळीत संग्रहाच्या फोल्डरचा मार्ग असतो आणि त्याआधी ए, व्ही किंवा पी हे रोमन अक्षर व स्वल्पविराम घालून त्यात ध्वनी, चित्रफिती की छायाचित्रे आहेत, हे सांगता येते.

आता एक नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. जुनी डिस्क अपुरी पडू लागते म्हणून गृहस्थ नवी मोठी डिस्क आणतो, संग्रह तिच्यावर हलवतो आणि व्यवस्थापत्रातील मार्गाची ओळ बदलतो. संध्याकाळी संच लावावा तो सूची रिकामी! घरात एकच कल्लोळ उडतो, आणि मग साप साप म्हणून भुई धोपटणे सुरू होते. कोणी सर्व्हर काढून पुन्हा बसवतो, कोणी डिस्क कोरी करण्याचा सल्ला देतो. येथेच खरा धोका असतो. सूची रिकामी दिसणे म्हणजे संग्रह नाहीसा होणे नव्हे. सूची आणि संग्रह या दोन भिन्न वस्तू आहेत. सूची पुन्हा करता येते, परंतु गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही. म्हणून दोष सापडेपर्यंत मूळ फाईलींना हात लावू नये आणि जुन्या डिस्कवरील प्रतही पुसू नये, हा पहिला नियम होय.

दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असावा. परिपत्रक निघाले, पण ते कचेरीत पोचलेच नाही, तर त्याची अंमलबजावणी कशी व्हावी? बहुतेक सर्व्हर आपले व्यवस्थापत्र सुरू होतानाच वाचतात. तेव्हा बदल केल्यावर सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला काय, हे प्रथम पाहावे. काही सर्व्हरांची रीत याहून निराळी असते. प्लेक्स आपल्या पसंतीची फाईल स्वतःही लिहीत असतो; तो चालू असताना तीत केलेली दुरुस्ती तो आपल्या जवळील जुन्या मजकुराने झाकून टाकू शकतो. अशा सर्व्हराला आधी थांबवावे, मग दुरुस्ती करावी आणि त्यानंतर तो चालू करावा.

सर्व्हर सुरू झाला, पण सूची रिकामीच राहिली, तर त्याची नोंदवही, म्हणजे लॉग वाचावा. पुष्कळ लोक तिची शेवटची ओळ तेवढी पाहतात. परंतु एका मूळ दोषापोटी दहा तक्रारी जन्म घेतात. म्हणून सर्व्हर सुरू झाल्याच्या वेळेपासून खाली वाचत जाऊन पहिली तक्रार गाठावी. व्यवस्थापत्रातील ओळ समजली नाही, तर कित्येकदा त्या ओळीचा क्रमांकच तेथे दिलेला असतो.

मग अक्षरशुद्धी तपासावी. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका मराठी माणसाला सांगावयास नको. लिनक्स प्रणालीत रोमन लिपीतील मोठे आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरे मानली जातात. फोल्डरच्या नावातील एवढ्याशा फरकाने मार्ग चुकतो. ओळीच्या आरंभी जाळीसारखे हॅश चिन्ह राहिले असेल, तर ती ओळ केवळ टीप समजून सोडून दिली जाते. लेखनासाठी असलेल्या प्रणालीत फाईलीची दुरुस्ती केल्यास टंकलेल्या सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे होऊ शकतात, आणि ती यंत्राला ओळखू येत नाहीत. जेलीफिन व प्लेक्स यांच्या फाईली एक्सएमएल या पद्धतीच्या असतात. तीत ‘आणि’ या अर्थाचे अँपरसँड चिन्ह नुसते लिहिता येत नाही, त्याचा ठरलेला संकेत लिहावा लागतो. आणि उघडलेली प्रत्येक खूण बंदही करावी लागते. फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, तर फाईल यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत जतन केलेली असावी.

अक्षर शुद्ध असूनही काम अडले, तर अधिकाराचा प्रश्न उरतो. सर्व्हर हा गृहस्थाच्या नावाने काम करीत नाही. डेबियनसारख्या प्रणालीत मिनीडीएलएनएला त्याच नावाचा स्वतंत्र वापरकर्ता नेमून दिलेला असतो. संग्रहाच्या खोलीची किल्ली त्याला दिली, परंतु वाड्याच्या दरवाजाची दिली नाही, तर तो आत जाणार कसा? मार्गातील प्रत्येक फोल्डरातून जाण्याची परवानगी त्याला असावी लागते. उबुंटूच्या 2021 मधील 21.04 या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घर-फोल्डर इतरांना बंद ठेवलेले असते. म्हणून त्या वापरकर्त्याच्या नावानेच फोल्डर उघडून पाहावे. उत्तर तत्काळ मिळते. नवी डिस्क यंत्र सुरू होताच आपोआप जोडली जाते काय, हेही पाहावे. ती जोडली जाण्यापूर्वीच सर्व्हर जागा झाला, तर त्याला रिकामे फोल्डर दिसते आणि तो प्रामाणिकपणे रिकामी सूची करतो.

मार्ग व अधिकार दोन्ही ठीक असतील, तर जुनी सूची बाजूला सारून ती नव्याने करण्यास सांगावे. मिनीडीएलएनएला त्यासाठी ‘आर’ या मोठ्या रोमन अक्षराची सूचना आहे. नंतर घरातील संगणकावरून सर्व्हराच्या पत्त्यावर 8200 क्रमांकाच्या पोर्टशी जावे. तेथे ध्वनी, चित्रफिती आणि चित्रे किती सापडली, यांचे आकडे दिसतात. आकडे शून्य असतील, तर दोष व्यवस्थापत्रात, मार्गात किंवा अधिकारात आहे. आकडे बरोबर असून संचावर काहीच दिसत नसेल, तर व्यवस्थापत्र निर्दोष असण्याचा संभव अधिक. दोष मग घरातील जाळ्यात शोधावा: संच पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर नाही ना, आणि सर्व्हराची हाक ज्या 1900 या पोर्टवरून जाते ते संरक्षक भिंतीने अडवलेले नाही ना, हे पाहावे. अशा रीतीने एका आकड्याने अर्धे क्षेत्र बाजूला पडते आणि श्रम निम्मे होतात.

हे सर्व टाळण्याचा उपायही साधा आहे. दुरुस्तीपूर्वी व्यवस्थापत्राची प्रत करून तिच्या नावात तारीख घालावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच दुसऱ्यास हात घालावा. जुनी व नवी प्रत यांतील फरक दाखवणारा ‘डिफ’ हा कार्यक्रम युनिक्स प्रणालीबरोबर 1974 पासून उपलब्ध आहे. कोणती ओळ बदलली, हे तो क्षणात सांगतो, स्मरणावर विसंबावे लागत नाही. बदल का केला, याचे दोन शब्दांचे टाचण वहीत ठेवावे, कारण सहा महिन्यांनी ते पत्र वाचणारा मनुष्य कोणी दुसराही असू शकतो. आणि संग्रहाची एक प्रत सर्व्हरापासून अलग, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी. व्यवस्थापत्र कितीही वेळा चुकले तरी ते पुन्हा लिहिता येते. घराण्याची स्मृती मात्र एकदाच लिहिली जाते, आणि तिचे जतन करणे हे कोणत्याही यंत्राचे नव्हे, तर माणसाचेच कर्तव्य आहे.