क्रूझवरील भोजन : तिकिटात काय, खिशातून काय?

बेंगळुरू हे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले शहर. चेन्नई आणि मंगळूर ही त्याला जवळची बंदरे. तीही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तरीही अलीकडच्या काळात बेंगळुरूमधील अनेक मराठी कुटुंबांच्या सहलींच्या यादीत क्रूझ, म्हणजे जहाजावरील सागरी सफर, आवर्जून येऊ लागली आहे. मुले नोकरीला लागल्यावर आईवडिलांना अशी सफर भेट देतात, निवृत्त दांपत्ये विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती ठरवतात. मात्र तिकिटाची चौकशी सुरू झाली की घरातून पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा. आपल्याला चालेल असे तेथे काय मिळेल? आणि सगळे तिकिटात असते म्हणतात, ते खरे का?

हे प्रश्न वाटतात तितके साधे नाहीत. जहाजाने किनारा सोडला की शेजारी दुकान नसते, उपाहारगृह नसते, औषधालयही नसते. म्हणून जेवणाविषयीची चौकशी किनाऱ्यावर असतानाच पुरी करावी, हे क्रूझ प्रवासाचे पहिले सूत्र होय.

बेंगळुरूहून समुद्रापर्यंत

भारतीय किनाऱ्यावरील क्रूझ प्रवासाला गेल्या काही वर्षांत वेग आला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने मुंबईहून सफरी सुरू केल्या. जून २०२२ मध्ये याच जहाजाच्या चेन्नईहून सफरी सुरू झाल्या आणि जून २०२३ मध्ये चेन्नई ते श्रीलंका अशी सफरही निघाली. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअर येथे नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

बेंगळुरूच्या प्रवाशाला चेन्नई रेल्वेने सोयीची आहे. नोव्हेंबर २०२२ पासून म्हैसूर–चेन्नई ‘वंदे भारत’ गाडी बेंगळुरूमार्गे धावू लागली. परदेशी सफरीसाठी सिंगापूर हे नेहमीचे ठिकाण. विमानाने ते साधारण साडेचार तासांवर आहे. जहाजांची वेळापत्रके ऋतुमानानुसार बदलतात. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील सफरी सहसा बंद असतात. म्हणून बंदर आणि तारीख यांची खात्री करूनच पुढची आखणी करावी. जहाज कोणासाठी थांबत नाही. तेव्हा सफरीच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी मुक्कामाला पोहोचणे इष्ट.

संकोचाची किंमत

जहाजावरील जेवणाची चिंता नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांनी आहार आणि पोशाख यांत बदल करणार नसल्याचे श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर केले होते. त्यानंतर पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, मोहनदास गांधी मुंबईहून इंग्लंडला निघाले. काट्याचमच्याने खाण्याचा सराव नव्हता आणि कोणत्या पदार्थांत मांस नाही हे विचारण्याचे धैर्यही नव्हते. म्हणून घरून नेलेली मिठाई आणि फळे खाऊन त्यांनी बहुतेक दिवस आपल्या केबिनमध्येच काढले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांच्या केबिनमधील सहप्रवासी, जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार, मात्र सर्वांमध्ये मोकळेपणाने मिसळत.

आजच्या जहाजांवर शाकाहारी भोजनाची तयारी असते, त्याची माहिती देणारे कर्मचारीही असतात. तथापि संकोच अजून सुटलेला नाही. दही-भात आणि फळांवर चार दिवस काढून, पूर्ण भोजनाचे पैसे भरून परतणारे ज्येष्ठ प्रवासी आजही आढळतात. विचारणे हा प्रवाशाचा हक्क आहे आणि विचारलेले आवडते, हे ध्यानात ठेवावे.

दर्शिनी आणि दालन

जहाजावरील भोजनव्यवस्था बेंगळुरूकरांना सहज समजेल अशी आहे. दर्शिनीत जसे आपले ताट आपण घ्यायचे आणि जागा मिळेल तेथे खायचे, तसा जहाजावरचा बुफे. तो बहुधा वरच्या डेकवर असतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बराच वेळ उघडा असतो. याउलट लालबाग रस्त्यावरील एमटीआरमध्ये जसे दालनात बसावे आणि एकेक पदार्थ वाढला जावा, तसे जहाजाचे मुख्य भोजनगृह. तेथे टेबल ठरलेले असते, वाढपी ओळखीचा होतो आणि पदार्थ क्रमाने येतात. या दोन्ही ठिकाणचे जेवण सर्वसाधारणपणे तिकिटात अंतर्भूत असते. गंमत अशी की अनेक प्रवासी मुख्य भोजनगृह महागडे असावे या समजुतीने तिकडे फिरकतच नाहीत.

तिसरा प्रकार विशेष उपाहारगृहांचा. जपानी, इटालियन किंवा खास आचाऱ्याच्या हातचे भोजन येथे मिळते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाचे स्वतंत्र उपाहारगृह सुरू झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या महाकाय जहाजावर तर खाण्यापिण्याची वीसहून अधिक ठिकाणे आहेत. त्यांतील काही तिकिटात, काही बाहेर. म्हणून प्रत्येक ठिकाणी बसण्यापूर्वी ‘हे तिकिटात आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारावा.

मुख्य भोजनगृहात रात्रीचे जेवण पुष्कळदा दोन पाळ्यांत असते. एक संध्याकाळी लवकर, दुसरी साडेआठच्या सुमारास. मधुमेही आणि ज्येष्ठ प्रवाशांना पहिली पाळी मानवते. ती तिकीट काढतानाच मागून घ्यावी; नंतर बदल मिळेलच असे नाही. या भोजनगृहात अर्धी विजार आणि रबरी चपला सहसा चालत नाहीत. साडी, सलवार-कुडता किंवा साधा शर्ट-पँट असा पोशाख पुरेसा असतो.

शाकाहार, उपास आणि पथ्य

भारतातून निघणाऱ्या सफरींवर शाकाहारी आणि जैन भोजन मिळते. सिंगापूरहून निघणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’सारख्या जहाजांवरही भारतीय शाकाहारी भोजनाची सोय केलेली असते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या मराठी प्रवाशांनी ‘जैन भोजन’ असे नोंदवल्यास त्यांची अडचण आपोआप दूर होते. परदेशी जहाजांवर मात्र ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नये. अंडे, माशांपासून केलेला सॉस, मांसाचा अर्क घातलेले सूप, जिलेटिन घातलेली मिष्टान्ने यांचा उल्लेख करून, काय चालत नाही ते स्पष्ट सांगावे. ही नोंद तिकीट काढताना लेखी करावी आणि जहाजावर चढल्यावर भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा सांगावी. पुष्कळ जहाजांवर आदल्या रात्री सांगितल्यास दुसऱ्या दिवसासाठी वेगळा पदार्थ करून मिळतो.

सफरीत एकादशी किंवा चतुर्थी येते का, हे दिनदर्शिकेत पाहून घ्यावे. बुफेत साबुदाण्याची खिचडी मिळण्याची शक्यता कमी. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, सुकामेवा असे कारखान्यातून बंद पाकिटात आलेले पदार्थ जवळ असावेत. घरी केलेले जेवण जहाजावर नेण्यास बहुतेक कंपन्या मनाई करतात. किटली, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड या वस्तूही आगीच्या भीतीने तपासणीत काढून घेतल्या जातात.

मधुमेह, रक्तदाब किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास ती आधी कळवणे अत्यावश्यक आहे. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात. म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमधील लहान शीतकपाट पुरेसे थंड असते का, याची चौकशी करावी. सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे असते. जेवण आणि औषध यांच्या वेळा नव्याने कशा बसवाव्यात, हे डॉक्टरांना विचारून निघावे.

बोट लागणे आणि हात धुणे

पहिल्यांदाच सफरीला जाणाऱ्यांना बोट लागण्याची भीती असते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. त्यामुळे केबिन निवडताना हा विचार व्हावा. पोट रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत खाऊही नये. तेलकट पदार्थ व मद्य टाळावे, दूर क्षितिजाकडे पाहत मोकळ्या हवेत बसावे. आलेपाकाच्या वड्या पुष्कळांना उपयोगी पडतात. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्याव्यात.

याहून गंभीर प्रश्न पोटाच्या संसर्गाचा. हजारो माणसे एका छताखाली जेवतात, तेव्हा नोरोव्हायरससारखा विषाणू झपाट्याने पसरू शकतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने १९७० च्या दशकापासून त्या देशाच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तपासणी चालवली आहे. शंभरपैकी ८६ किंवा अधिक गुण मिळाले तरच जहाज उत्तीर्ण ठरते आणि हे निकाल सर्वांना पाहता येतात. प्रवाशाच्या हाती असलेला उपाय मात्र साधा आहे. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा परिणामकारक नाही. जेवणापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुणे हाच भरवशाचा मार्ग. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास ते न लपवता जहाजावरील दवाखान्यात कळवावे.

खात्यावर लक्ष

जहाजावर रोख व्यवहार जवळजवळ होत नाहीत. प्रवाशाला मिळणारे कार्ड हेच केबिनची किल्ली आणि तेच खर्चाची नोंदवही. शीतपेये, मद्य, बाटलीबंद पाणी, विशेष उपाहारगृह, दुकाने, दवाखाना हे सारे खर्च त्यावर चढत जातात. अनेक कंपन्या दर माणशी, दर रात्री सेवाशुल्कही आकारतात. ते तिकिटात धरले आहे की शेवटी भरायचे, हे आधी पाहावे. मद्य किंवा शीतपेयांचे एकत्रित पॅकेज घेण्यापूर्वी आपण दिवसाला खरोखर किती पेये घेणार याचा हिशेब करावा. पिण्याचे साधे पाणी बहुधा बुफेत विनामूल्य मिळते.

या खात्याच्या हमीसाठी जहाजावर बँकेचे कार्ड मागितले जाते आणि त्यावर काही रक्कम अडकवून ठेवली जाते. डेबिट कार्ड दिल्यास बचत खात्यातील प्रत्यक्ष पैसे अडकतात आणि ते मोकळे होण्यास सफरीनंतर काही दिवस लागू शकतात. त्या काळात घरचा हप्ता किंवा विम्याचा धनादेश परत जाण्याचा धोका असतो. यासाठी क्रेडिट कार्ड किंवा रोख अनामत हा पर्याय बरा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार आपण सुरू करून घेतल्याशिवाय चालत नाहीत; निघण्यापूर्वी ती सोय सुरू करून मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर बंद करावी. परदेशात ‘रुपयांत द्यायचे का?’ असे यंत्राने विचारल्यास तेथील चलनच निवडावे. रुपयांतील दर सहसा महाग पडतो.

परदेशी सहलीचे पॅकेज घेताना विक्रेता स्रोतावर कर गोळा करतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले असल्याने चालू दर शाखेत किंवा करसल्लागाराकडे विचारून घ्यावा. हा कर आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यास देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्या निवृत्त व्यक्तींची रक्कम मात्र तशीच राहून जाते. जहाजावरील वैद्यकीय उपचार बरेच खर्चिक असतात आणि बहुतेक देशी आरोग्यविमा परदेशात लागू होत नाहीत. म्हणून प्रवासविमा घेताना त्यात सागरी प्रवास अंतर्भूत आहे ना, हे वाचावे. सिंगापूरहून निघून तेथेच परतणार असल्यास व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही तपासावे.

पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी

जहाजावर चढल्यावर दुपारी बुफेत एकच गर्दी उसळते. त्या वेळी मुख्य भोजनगृह उघडे असल्यास तेथे शांतपणे जेवता येते. त्याच दिवशी सुरक्षा कवायत असते. जेवण बाजूला ठेवून तिला उपस्थित राहणे बंधनकारक आहे. रोज रात्री खात्यावरील खर्च पाहण्याची सवय ठेवावी. चुकीची नोंद दिसल्यास ती जहाजावर असतानाच दुरुस्त होते. घरी आल्यावर पत्रव्यवहार वाढतो. बंदरावर उतरताना जहाजावरची फळे किंवा अन्य खाद्यपदार्थ बरोबर नेऊ नयेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत यासाठी मोठा दंड होऊ शकतो.

बुफेत पदार्थांची रेलचेल असली तरी ताटात थोडे घ्यावे आणि हवे तर पुन्हा जावे. पैसे भरले आहेत म्हणून खाल्लेच पाहिजे, या भावनेने प्रकृतीचे नुकसान होते आणि अन्नही वाया जाते. आपल्या गरजा आधी सांगितलेल्या, खर्चाची कल्पना असलेली आणि औषधे हाताशी असलेली, अशी पूर्वतयारी करून निघालेल्या प्रवाशाला जेवणाची चिंता उरत नाही. मग डेकवर बसून मावळत्या सूर्याकडे निवांत पाहता येते, आणि त्यासाठीच तर ही सफर असते.