मोहोराचा भाव

आमची हापूसची चाळीस कलमे भाट्ये खाडीच्या पलीकडे आहेत. माझ्या लहानपणी जानेवारी उजाडला की एक गृहस्थ सकाळीच बागेत हजर होत. डोक्याला टोपी, हातात काठी, बोलणे कमी. प्रत्येक कलमाखाली उभे राहून वर बघायचे, एखादा मोहोर तोडून तळहातावर चुरायचे, पुढच्या कलमाकडे जायचे. चाळीस कलमे बघून झाली की आमच्या पडवीत बसून चहा घेत आणि एक आकडा सांगत. अब्बा त्याच्या दीडपट सांगत. मग ते ठरलेले वाक्य यायचे, "चाचा, झाडावर मोहोर हाय, आंबा न्हाय अजून."

दुपारपर्यंत कुठेतरी मध्यावर सौदा तुटायचा. निम्मे पैसे हातात, निम्मे होळीला. त्या दिवसापासून मेअखेरपर्यंत बाग त्यांची. फवारणी त्यांची, राखण त्यांची, माकडे त्यांची आणि वाराही त्यांचाच.

मे महिन्यात आमच्याच बागेतून पेट्यांमागून पेट्या भरून जाताना मला वाईट वाटायचे. हा माणूस अब्बांना फसवतो, असे माझे ठाम मत होते. मग एका वर्षी फेब्रुवारीत दोन रात्री पाऊस पडला. मोहोर काळा पडला, उरलेल्यावर भुरी आली. ते गृहस्थ त्याच पडवीत येऊन गप्प बसले. पैसे परत मागितले नाहीत, आणि अब्बांनीही त्यांना परत देण्याची भाषा केली नाही. होळीचे निम्मे पैसे मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणे आणून दिले. अब्बांनी जानेवारीत मोहोराबरोबर आपली काळजीही विकली होती, हे मला त्या दिवशी उमगले. चांगल्या वर्षी त्यांना जो नफा होई, तो ही काळजी वाहण्याची मजुरी होती.

'वस्तुबाजारातील गुंतवणूक' हा विषय मला देणाऱ्यांना मी कविता करणारा बी. ए. झालेला माणूस आहे याचा बहुधा विसर पडला असावा. पण हळद, जिरे, कापूस, सोने, कच्चे तेल यांच्या वायद्यांत पैसे घाला म्हणून आता रत्नागिरीतही फोन येतात. त्या फोनला काय उत्तर द्यायचे, हे मला पुस्तकापेक्षा त्या पडवीने आणि नंतर बसलेल्या एका ठोकरीने शिकवले.

वायदा म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आज ठरवणे. शेतकऱ्याला भीती असते की माल हातात येईल तेव्हा भाव पडेल. कारखानदाराला भीती असते की माल लागेल तेव्हा भाव चढेल. दोघांची भीती उलट दिशेची, म्हणून दोघांचा सौदा जमतो. पण शेतकरी आणि कारखानदार एकाच दिवशी, एकाच आकड्यावर क्वचितच भेटतात. मधली जागा भरायला तिसरा माणूस लागतो. त्याला माल नको असतो, विकायलाही त्याच्याकडे माल नसतो. तो केवळ भावाची जोखीम घेतो आणि तिच्या बदल्यात नफ्याची आशा धरतो. वस्तुबाजारात 'गुंतवणूक' करणारे तुम्ही-आम्ही म्हणजे हा तिसरा माणूस.

आमच्या टोपीवाल्या गृहस्थांना मोहोर चुरून कळायचे की त्यात फळ धरणारी फुले किती, तुडतुडा किती. गेल्या वर्षी कोणते कलम लागले होते आणि म्हणून यंदा कोणते विश्रांती घेणार, हे त्यांना पाठ होते. हापूस वर्षाआड फळतो हे सगळे जाणतात. पण चाळीसपैकी कोणती, हे त्यांना ठाऊक असे. तरीही ते एखाद्या वर्षी बुडत. आता विचार करा, ज्याने हळदीचे शेत पाहिलेले नाही, तो फोनवर हळद 'घेतो' तेव्हा तो कशाच्या जोरावर घेतो?

अब्बांना मोहोर विकताना एक टोचणी असायची. हदीसमध्ये फळ पक्व होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी झाडावरचे पीक विकायला मनाई आहे. कारण रोगाने किंवा वाऱ्याने फळ गेले तर घेणाऱ्याचे पैसे कशाच्या बदल्यात घेतले, हा प्रश्न उरतो. दुसरीकडे 'सलम' नावाच्या व्यवहाराला परवानगी आहे. त्यात पैसे आधी पूर्ण द्यायचे, माल नंतर घ्यायचा. मात्र माप, वजन, प्रत आणि तारीख पक्की ठरलेली हवी आणि माल अमुकच झाडाचा अशी अट नको. मोहल्ल्यातल्या मौलवींशी अब्बांची यावर बरीच चर्चा होई. काळ्या मोहोराच्या त्या वर्षानंतर अब्बांनी पद्धत बदलली. जानेवारीत फक्त फवारणीपुरती उचल घ्यायची आणि बागेचा भाव कैरीत कोय धरल्यावर करायचा. पैसे थोडे उशिरा येऊ लागले, पण रकमेतला फरक बघून आम्ही सगळेच चकित झालो. फळ डोळ्यांना दिसू लागले की अनिश्चितता घटते, आणि घटलेल्या अनिश्चिततेचे पैसे बागवाल्याच्या खिशात राहतात.

पुढे मी वायद्याच्या कराराची कलमे पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सलमची आठवण झाली. माल कोणत्या प्रतीचा, ओलावा किती टक्के चालेल, वजन किती, कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेला, सगळे बांधून दिलेले. फरक एवढाच की सलममध्ये पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात, आणि वायद्यात सुरुवातीला घेणारा पूर्ण पैसे देत नाही की देणारा माल देत नाही. बरेच उलेमा वायद्याला नापसंत करतात त्याचे एक कारण हेच. माझ्या ठोकरीचे कारणही हेच निघाले.

एवढा मोठा आंब्याचा व्यापार, मग हापूसचा वायदा का नाही, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. आंबा टिकत नाही. अढीत घातला की आठ-दहा दिवसांत त्याचा निकाल लागतो. शिवाय दोन पेट्या सारख्या नसतात, आणि वरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या फळात कापल्यावर साका निघू शकतो. वायद्याला टिकणारा आणि प्रतवारीत बसणारा माल लागतो. हळद तशी आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेली पेवे होती. त्या कोरड्या मातीत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. माल पेवात पडून राही आणि पावती हातोहात फिरे. सांगलीचा हळदीचा वायदा म्हणूनच जुना. २००५ च्या महापुरात त्यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरले.

१९५२ च्या कायद्याने वायदेबाजारावर सरकारी देखरेख आली, साठच्या दशकात टंचाईमुळे बहुतेक वस्तूंचे वायदे बंद झाले आणि २००३ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर खुले झाले. त्याच वर्षी मुंबईत देशव्यापी वस्तुबाजार सुरू झाले, संगणकावरचे. रत्नागिरीत बसून हळद घेता येऊ लागली. २०१० मध्ये हळद क्विंटलला १५ हजारांच्या वर गेली. वर्तमानपत्रांत 'पिवळे सोने' असे मथळे आले. भाव उतरू लागला तेव्हा, २०११ च्या सुरुवातीला, 'स्वस्तात मिळते आहे' असे म्हणून मी बाजारात शिरलो. अब्बा नुकतेच गेले होते. बागेचे दोन मोसमांचे पैसे, एक लाख रुपये, घराचे छप्पर बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले होते.

दलालाच्या कार्यालयातल्या तरुणाने मला अदबीने सांगितले, "सर, एक लाखात तुम्हाला दहा लाखांची हळद घेता येते." हे वाक्य नीट ऐका, कारण फोनवर तुम्हालाही हेच ऐकवतील. एक लाख हा बयाणा, बाजाराच्या भाषेत मार्जिन. भाव दहा टक्के चढला तर दहा लाखांवर एक लाख सुटतात, म्हणजे पैसे दुप्पट. भाव दहा टक्के उतरला तर तुमचा लाख संपला. आणि हा हिशेब मुदतीच्या शेवटी होत नाही, रोज संध्याकाळी होतो. बयाणा कमी पडला की फोन येतो, "सर, आणखी भरा." नाही भरले तर सौदा तिथेच कापला जातो. नंतर भाव वर गेला तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

मी दोनदा भरले. तिसऱ्यांदा बायकोने पासबुक कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. त्या किल्लीचे माझ्यावर उपकार आहेत. दीड-दोन वर्षांत हळद चार-पाच हजारांवर आली. पुढचे दोन पावसाळे आम्ही जुन्या छपराखाली काढले, माजघरात तीन ठिकाणी पातेली मांडून.

झाले होते ते साधेच. भाव चढलेला बघून शेतकऱ्यांनी हळदीची लागवड वाढवली. हळद जमिनीतून निघायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे चढलेल्या भावाने बोलावलेला पुरवठा जवळजवळ वर्षभराने बाजारात येतो, तेव्हा मागणी तेवढीच असते. सांगली, निजामाबाद, इरोडच्या व्यापाऱ्यांना लागवडीचा अंदाज होता. ते विकत होते आणि मी घेत होतो. आमच्या पडवीवरच्या सौद्यात जोखीम घेणारा जाणता होता. इथे ती जोखीम मी अजाणता घेतली, आणि तीही मजुरी न मागता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. बागेत पैसे घातले तर कलम वाढते, बँकेत ठेवले तर व्याज मिळते. गोदामातली हळद मात्र दहा वर्षे ठेवली तरी दहा पोत्यांची अकरा पोती होत नाहीत, भाडे तेवढे चढते. वस्तू धरून ठेवणाऱ्याचा सगळा नफा पुढचा माणूस जास्त भाव देईल की नाही यावर असतो.

आणि पुढचा माणूस का जास्त देईल किंवा का देणार नाही, याचे कारण पुष्कळदा सात समुद्रांपलीकडे असते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, समुद्र हटवण्याच्या योजना निघाल्या, त्यांच्या शेअरांचे वायदे झाले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईतल्या भल्या भल्या पेढ्या उताण्या पडल्या. प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतला, आईच्या नावाचा राजाबाई टॉवर अजून उभा आहे.

कधी कारण जवळ, दिल्लीत असते. महागाई वाढली की सरकार वायदे थांबवते. २००७ मध्ये तूर, उडीद, गहू आणि तांदळाचे वायदे बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये हरभरा, मोहरी, सोयाबीन, मूग यांसह सात वस्तूंचे थांबवले, तेही आधी एका वर्षासाठी म्हणून. मग मुदत वाढत गेली. पाऊस आणि मागणी यांचा अंदाज बरोबर ठरला तरी खेळच थांबू शकतो.

आणि कधी तर मालच नसतो. जुलै २०१३ अखेर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. त्यांना गोदामातल्या मालावर ठरलेला परतावा मिळेल असे सांगितले होते. तपासात कित्येक गोदामांत तो माल सापडला नाही. वायद्यांवर देखरेख करणारा आयोग नंतर, सप्टेंबर २०१५ मध्ये, सेबीत विलीन केला गेला. देखरेख घट्ट झाली, हे खरे. पण 'वस्तुबाजारात ठरलेला परतावा' असे शब्द कोणी उच्चारले तर मी अजूनही फोन ठेवतो. जिथे भाव ठरलेला नाही तिथे परतावा कसा ठरलेला असेल?

एप्रिल २०२० आठवतो ना? टाळेबंदी होती. आमच्या बागेत फळ तयार होते, वाशीचे काही खरे नव्हते आणि झाडाखाली आंबा पडत होता. त्याच दिवसांत, २० एप्रिलला, अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. उणे! म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. साठवायला टाक्यांत जागा उरली नव्हती आणि मुदत संपायला एकच दिवस होता. टाळेबंदीमुळे आपल्याकडचा बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच मिटला, तेव्हा पिंपाचा भाव हजार रुपयांच्या आसपास होता. रात्री अमेरिकेत जे झाले त्यावरून हिशेब उणे २,८८४ रुपयांनी करण्यात आला. भाव शून्याच्या खाली जाणार नाही, एवढी तरी खात्री धरून झोपलेले लोक सकाळी कर्जदार होऊन उठले.

आम्हीही त्या आठवड्यात उणे भावाच्या जवळ होतो, कारण काढणीची मजुरी आंब्याहून जड झाली होती. माझ्या भाच्याने पुण्यातल्या दोन गृहनिर्माण सोसायट्यांना फोन लावले, परवाना काढून टेम्पो नेला आणि पेट्या थेट फाटकावर उतरवल्या. वाशीच्या पट्टीची वाट न बघता हातात आलेले ते आमचे पहिले पैसे.

तेव्हापासून बागेचे तीन वाटे आहेत. पंधरा कलमे कैरीवर विकतो, म्हणजे खते, फवारणी आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता भागतो. पंधरांचा आंबा पुण्याला जातो, त्या गिऱ्हाइकांना भाव मी फेब्रुवारीत सांगतो आणि मेपर्यंत बदलत नाही. उरलेली दहा कलमे वाशीच्या भरवशावर. तिथला भाव कसाही येवो, तेवढी जोखीम मी जाणून घेतो.

हळदीचा तो तरुण आता दुसऱ्या कुठल्या कार्यालयात आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, चांदीबद्दल. मी त्याला विचारले, "चांदी मला विकतोय तो कोण आहे, आणि तो का विकतोय?" तो म्हणाला, "सर, ते आम्हाला दिसत नाही." मी त्याला मे महिन्यात आंबे खायला बोलावले आहे.