दहावीच्या सवलतीआधी

तोंडी विचारलं की धडाधड सांगतो, वहीत मात्र पानभर खाडाखोड. पालकसभेत ही तक्रार ऐकली नाही असा शिक्षक विरळा. त्यावरचा सल्लाही ठरलेला: घरी अभ्यास घ्या. मग घरी रोज संध्याकाळी आरडाओरडा, रडारड, कधी चापट.

यामागे अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण असू शकते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. खरं तर महाराष्ट्रात विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाची जाण नवी नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी मुंबईची जय वकील शाळा 1944 पासून, तर पुण्याची कामायनी 1964 पासून काम करते आहे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 ची. डिस्लेक्सिया असलेल्या मुलावरचा 'तारे जमीन पर' हा चित्रपट त्यानंतर अकरा वर्षांनी आला. कायद्याची पावलं मात्र सावकाश पडली. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागाच नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, त्यांत ती आली. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्यात बदल करा, असं हाच कायदा शाळांना बजावतो.

आणि आपण काय करतो? नववीत जागे होतो. बोर्डाचा जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट यांसाठी प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते. या सवलती हव्यातच. त्यांना 'फुकटचे मार्क' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण तोवर मुलानं आठ वर्षं स्वतःला 'ढ' मानून काढलेली असतात.

खरी लढाई दुसरीतली. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक जेमतेम एका वळणाचा. त्यात जोडाक्षरं. अशा मुलाला तोच शब्द दहादा लिहायला लावून हाती काही लागत नाही. ताटात रवा पसरून, मोठ्यानं उच्चार करत बोटानं अक्षर गिरवू द्या. ओळीखाली पट्टी धरून वाचू द्या. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद द्या. निदान साधारण आठव्या वर्षानंतर पक्कं होतं, पण यातल्या कशालाच प्रमाणपत्र लागत नाही.

साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी हे कसं करायचं, हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये पाचवीपर्यंत विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण घालून दिलं. ही पदं कायमस्वरूपी भरली गेली पाहिजेत. आठवड्यातून एकदा येऊन जाणाऱ्या शिक्षकाला मुलाची नस सापडत नाही.

घरानं दुसरी शाळा होऊ नये. आईनं इतिहासाचा धडा वाचून दाखवावा, मुलानं तो आपल्या शब्दांत सांगावा. एवढा अभ्यास पुरे. वर्गशिक्षिकेनं घटक चाचणी तोंडी घेतली तर धडा समजला की नाही ते कळेल. वाचनाची अडचण हा वेगळा विषय, त्याचे मार्क इतिहासात का कापायचे?