सुईला सर्वांत शेवटी हात लावा

१९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी जॉर्ज फिंच यांनी एक आगळाच कोट शिवून घेतला होता. बाहेरून हवेत उडणाऱ्या फुग्यांचं कापड, आत आयडर बदकाची मऊ पिसं. लोकर आणि ट्वीडमध्ये वावरणाऱ्या सहकाऱ्यांना आधी त्याची गंमत वाटली, पण वरच्या थंडीत त्या कोटाची किंमत कळली. त्याच मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस ८३०० मीटरच्या वर पोचले. आज हिमालयातल्या केदारकंठाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या ट्रेकरच्या अंगावरचं डाऊन जॅकेट त्याच कल्पनेतून आलेलं आहे. ते महाग असतं आणि नाजूकही. दिवाळीनंतर हिमालयातल्या हिवाळी ट्रेकसाठी स्लीपिंग बॅगा माळ्यावरून खाली येतात, तेव्हा कुठे भोक दिसतं, कुठे चेन अडते. अशा वेळी आपला हात आधी सुईदोऱ्याकडे जातो. डाऊनच्या बाबतीत नेमकं तेच टाळायचं असतं.

डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छाती-पोटाशी असणारी, दांडी नसलेली लव. तिचा प्रत्येक पुंजका पिंजलेल्या कापसासारखा फुलतो आणि हवा धरून ठेवतो. ऊब देते ती ही अडकलेली हवा. ‘८०० फिल पॉवर’ म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम, डाऊन ८०० घन इंच जागा व्यापतं. हे सुमारे १३ लिटर झाले. एवढं हलकं भरण सांभाळायला कापडही तलम आणि घट्ट विणीचं लागतं. अशा कापडात सुईने पाडलेलं प्रत्येक छिद्र म्हणजे लव निसटायला नवी वाट. भोक छोटं असेल तर टाके घालून आपण एका भोकाची दहा भोकं करतो.

म्हणून शेकोटीची ठिणगी पडली किंवा काट्याने कापड फाटलं तर ठिगळ चिकटवावं. बाहेर डोकावणारं पीस उपटू नका, त्याच्यामागून आणखी दोन येतात. कापड दुसऱ्या बाजूने चिमटीत धरून ते आत ओढून घ्या. भोकाभोवतीचा भाग स्पिरिटने हलका पुसून पूर्ण वाळू द्या. मग नायलॉनची चिकट दुरुस्तीपट्टी भोकाच्या चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर बाहेर येईल अशी कापा. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा पाठपिशवीत घासून आधी सुटतो. कॅम्पवर डक्ट टेप चालेल, पण त्याचा डिंक नंतर चिवटपणे उरतो. कापडावर सिलिकॉनचा थर असेल तर साधी पट्टी टिकतच नाही, तिथे सिलिकॉनचाच गोंद लागतो.

बऱ्याचदा बॅग फाटलेली नसतेच, मळलेली असते. घाम आणि अंगाचं तेल लागून लव चिकटते, फुलत नाही आणि बॅग ‘पातळ झाली’ असं वाटतं. तिला धुण्याची गरज असते. कपड्यांची नेहमीची पावडर लवेतलं नैसर्गिक तेल काढून टाकते, म्हणून डाऊनसाठीचा सौम्य साबण घ्या आणि सॉफ्टनर टाळा. मधोमध फिरता दांडा असलेल्या मशीनपेक्षा टब बरा. ओली बॅग एका टोकाला धरून कधीही उचलू नका. पाण्याच्या वजनाने कप्पे पाडणारे आतले पडदे फाटतात आणि लव एकीकडे सरकते. दोन्ही हात खाली घालून ती अख्खी उचला. खरी कसोटी वाळवण्यात आहे. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून फिरवली, तरी काही तास लागतात. ड्रायर नसेल तर सावलीत पसरून गुठळ्या हाताने फोडत राहा. हाताला एकही गुठळी लागत असेल तर आत ओल आहे, आणि ओलीतून कुबट वास येतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे काम पावसाळ्यात नकोच. ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस त्यासाठी उत्तम. नंतर बॅग दाबून भरून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा.

रेनकोट-जॅकेटचीही अशीच गत. बाहेरचं कापड पाणी झटकेनासं झालं की जॅकेट ‘गळतं’ असा समज होतो. पुष्कळदा ते धुऊन लेबलवर लिहिलेल्या मर्यादेत मंद उष्णता दिली की पाणी पुन्हा थेंबाथेंबाने ओघळू लागतं. तेवढ्यानेही नाही झालं तर जलरोधक फवारा मारावा. आतला थर मात्र पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल तर त्यावर इलाज नाही.

चेनचे दात जुळतात पण मागून उघडतात, तेव्हा बहुधा दोष रनरचा असतो. पकडीने दोन्ही कडा सारख्या, अगदी हलक्या दाबून पाहा. नाहीच जमलं तर रनर बदला. त्याच्या पाठीवर ३, ५, ८ असा आकडा असतो. तो आणि दातांचा प्रकार जुळला की काम भागतं. अख्खी चेन उसवण्याची गरज क्वचितच पडते.

उसवलेल्या शिवणीला मात्र सुईशिवाय पर्याय नाही. पॉलिएस्टरचा दोरा, ९ किंवा ११ नंबरची बारीक सुई आणि शक्य तिथे जुन्याच छिद्रांतून टाका. शिंप्याकडे देणार असाल तर हे आधीच सांगा, कारण जीन्सची १६ नंबरची सुई मशीनला तशीच लावलेली असू शकते. आतला पडदाच फाटला असेल तर या कामाच्या जाणकाराकडे जा. तो कप्पा उघडून पुन्हा शिवावा लागतो.

नीट निगा राखली तर चांगलं डाऊन कित्येक वर्षं टिकतं, बहुतेक वेळा आधी हार मानतं ते कापड. ठिगळांवर ठिगळं चढली आणि बोट लागेल तिथे कापड विरू लागलं, तरी बॅग लगेच टाकू नका. लव काढून धुऊन नव्या कापडाच्या कप्प्यांत भरता येते. सुईचं खरं मोठं काम तिथे सुरू होतं.